वास्तुसंवर्धनात करिअर: एम.आर्क. आधी की दोन पावसाळे आधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सांगलीकडचे, बी.आर्क. (वास्तुशास्त्राची पदवी) होऊन दोन वर्षं झाली, सध्या एका बिल्डरच्या ऑफिसात मंजुरीची ड्रॉइंग्ज काढता. जीव रमतो तो जुने वाडे आणि देवळं बघण्यात. आता कॉन्झर्वेशनमध्ये, म्हणजे जुन्या वास्तूंच्या संवर्धनात, एम.आर्क. ही पदव्युत्तर पदवी करावी की थेट कामाला लागावं, पाच वर्षांत स्वतःची कन्सल्टन्सी उभी राहील का, आणि वडील विचारतात ते, यात पोट भरतं का. मी २२ वर्षं हेच काम करते आहे. ऑफिस पुण्यात, पण बराचसा वेळ सातारा, नाशिक, कोकण असा साइटवर जातो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नात पदवी आली, पगार आला, पण जुन्या इमारतींचा सल्लागार लोकांना नेमकं देतो काय, हे कुठे आलं नाही. मला वाटतं अडचण तिथे आहे. ते एकदा लक्षात आलं की पदवीचं आणि पैशाचं उत्तर सोपं होतं. म्हणून आधी एका वाड्याचं सांगते.

वाई भागातला वाडा. खाली घडीव दगडाचं जोतं, वर मातीत रचलेल्या विटा, आणि मजल्याचा सगळा भार सागवानी खांब-तुळयांवर. घरच्यांनी मला बोलावलं ते माजघराची मागची भिंत पाडून नवी बांधायची म्हणून. भिंतीला छातीपर्यंत ओल चढली होती, पोपडे सुटले होते, लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागला होता. एका तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक बोटानं खरवडलं तर ओला भुसा नखात यायचा. आधीच्या ठेकेदारानं ओलीवर उपाय म्हणून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा मारून दिला होता. दोन वर्षं काही दिसलं नाही. मग ओल त्या गिलाव्याच्या वरच्या कडेला, फूटपट्टीनं आखल्यासारखी सरळ उगवली.

पहिल्या भेटीत मी काहीच सांगितलं नाही. जुलैत पुन्हा गेले आणि मागच्या बोळात छत्री घेऊन तासभर उभी राहिले. बोळातला रस्ता दर खेपेला खडी-डांबर पडून वर येत गेला होता आणि आता जोत्यापेक्षा वीतभर उंच झाला होता. सगळं पाणी उतारानं भिंतीकडे येत होतं. वर पन्हळीचा एक तुकडा निखळला होता, त्याचं पाणी नेमकं त्या तुळईच्या डोक्यावर पडत होतं. विटा-मातीची भिंत थोडंफार पाणी पिते आणि दोन्ही अंगांनी वाळतेही. सिमेंटनं तिचं आतल्या बाजूनं वाळणं बंद केलं. वाट मिळेना म्हणून पाणी वर चढलं, सोबत क्षार घेऊन गेलं, आणि ते क्षार विटेच्या पोटात स्फटिक होऊन वीट आतून फोडायला लागले.

आम्ही पन्हळ बदलली, बोळात भिंतीलगत चर काढून पाणी वळवलं, सिमेंट हलक्या हातानं खरवडून काढलं आणि भिंत अख्खा उन्हाळा उघडी ठेवली. तुळईला खालून टेकू देऊन कुजलेलं दीड फूट कापलं, तिथे जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्यानं जोडला, टोकाभोवती हवा खेळेल एवढी जागा सोडली. मग चुन्याचा गिलावा केला. भिंत पाडायची गरज पडली नाही.

आता हिशेबाकडे बघा. भिंत पाडून नवी बांधली असती तर खर्च कितीतरी पट झाला असता, आणि माझी फी खर्चाच्या टक्केवारीवर ठरली असती तर तीही तेवढीच वाढली असती. या धंद्यातली खरी कोंडी इथे आहे. घरमालकाला आपल्याकडून मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट पुष्कळदा 'हे करू नका' अशी असते, आणि टक्केवारीची फी नेमकी त्याच सल्ल्याला दंड करते. म्हणून मी मोजणी, पाहणी आणि निदान यांची फी ठोक घेते, देखरेखीची फी भेटींवर घेते, आणि टक्केवारी फक्त जिथे सरकारी नियमानं तीच लागते तिथे. स्वतःचं काम सुरू कराल तेव्हा पहिल्या पत्रातच हे लिहून द्या. नंतर सांगितलं तर लोकांना पटत नाही.

जास्त केल्यानं काय होतं याचं मोठं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९२० ते २२ या काळात निजाम सरकारनं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांसाठी इटलीहून दोन तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटणारे पापुद्रे चिकटवले, ही मोठी कामगिरी होती. पण चित्रांवर लाखेचं वॉर्निशही चढवलं गेलं. पुढे ते पिवळं पडलं, त्यात धूळ-काजळी धरली, आणि ते उतरवण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना अनेक दशकं खपावं लागलं. माणसं अडाणी नव्हती, हेतू चांगला होता, त्या काळचं उत्तम ज्ञान वापरलं होतं. जे लावतो ते पुढच्या माणसाला काढता आलं पाहिजे, हा आमच्या कामातला नियम अशा अनुभवांतून आला आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेपासून (संवर्धनाचा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा) पुढची सगळी मार्गदर्शक तत्त्वं तुम्हाला पुस्तकात मिळतील. ती वाचाच, पण अजिंठ्याला जाऊन तो पिवळा थर जिथे उरलाय तिथे जरा थांबून बघा.

आता तुमचा पदवीचा प्रश्न. दिल्ली आणि भोपाळच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये कॉन्झर्वेशनचं एम.आर्क. आहे, तिथे गेट ही प्रवेशपरीक्षा लागते. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाची प्रवेशप्रक्रिया वेगळी. पदवी अखेरीस लागतेच, कारण बऱ्याच सरकारी निविदांत आणि सल्लागारांच्या पॅनेलवर घेताना कॉन्झर्वेशनमधली पदव्युत्तर पदवी मागतात. तेव्हा करावी की नाही असा प्रश्नच नाही, कधी करावी एवढाच आहे. माझं मत: आधी दोन वर्षं एखाद्या संवर्धनाच्या ऑफिसात साइटवर काढा. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे परीक्षा लवकर देऊन ठेवली तरी चालेल. माझ्या ऑफिसात दोन्ही प्रकारची मुलं आली. थेट पदवी करून आलेल्यांना सनदा पाठ असतात, पण गवंड्यानं कालवलेला चुना हातात घेऊन तो लावण्याजोगा झाला की नाही हे सांगता येत नाही. साइट करून मग शिकायला गेलेली मुलं वर्गात नेमके प्रश्न विचारतात, आणि परत येतात तेव्हा खूप पुढे गेलेली असतात.

मात्र हे परिस्थितीवर अवलंबून आहे. घरी आता लगेच हातभार लावावा लागणार असेल, किंवा दोन वर्षांनी शिक्षणासाठी पुन्हा घर सोडणं जमणार नसेल, तर आधी पदवी घ्या आणि सुट्टीत साइट शोधा. हा निर्णय मला इथून घेता येणार नाही.

साइटवर शिकायचं काय? पहिली गोष्ट मोजणी. लेझर स्कॅनर आणि ड्रोनच्या फोटोंवरून आज चांगली ड्रॉइंग्ज निघतात, आम्हीही ती वापरतो. तरीही मी नव्या मुलांना एक खण तरी टेप आणि ओळंबा घेऊन हातानं मोजायला लावते. हातानं मोजताना खांब दीड इंच कलला आहे हे कळतं, आणि कडीपाटातली एक कडी नंतर बसवलेली आहे हेही. स्कॅनमध्ये ते सगळं असतं, पण तुमच्या डोक्यात शिरत नाही.

दुसरी गोष्ट चुना. चुनखडी भाजून कळीचा चुना, तो पाण्यात विरवून विरी, त्यात वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी), आणि प्रांताप्रमाणे गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, मेथी, उडीद. या यादीच्या मोहात पडू नका. मला विचारायला येणारे निम्मे लोक गूळ किती घालायचा हेच विचारतात. वाळू कशी आहे, चुना किती दिवस मुरवला, आणि लावल्यावर किती दिवस ओला ठेवला, यावर काम टिकतं. जुन्या मसाल्याचा, म्हणजे चुना-वाळूच्या मिश्रणाचा, नमुना विरळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला की चुना विरघळतो आणि वाळू उरते. ती चाळून बघितली की जुन्या गवंड्यानं कोणती वाळू वापरली ते कळतं. पण कोकण किनाऱ्यावर हीच चाचणी फसवते, कारण वाळूतला शिंपल्यांचा चुराही आम्लात विरघळतो आणि चुना होता त्यापेक्षा जास्त दिसतो. हे मला एका जुन्या रसायनतज्ज्ञांनी शिकवलं. त्याआधी एका कामात मी चुकीचं प्रमाण लिहून दिलं होतं आणि तो गिलावा दुसऱ्या वर्षी तडकला होता. घरमालकाकडे जाऊन चूक कबूल केली आणि माझ्या खर्चानं पुन्हा करून दिला.

चुन्यामुळे आपलं वर्षाचं गणितही ठरतं. ताज्या चुन्याला मुसळधार पाऊस सोसत नाही, आणि कडक उन्हात गोणपाट ओलं ठेवून सांभाळावा लागतो. म्हणून बांधकामाचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात पाहणी, ड्रॉइंग, अंदाजपत्रकं, अहवाल. निविदा जानेवारीत निघाली की हंगाम जवळजवळ गेलाच म्हणून समजा. हे आधीपासून सांगणारा सल्लागार हवा असतो.

तिसरी गोष्ट, माणसं. चुन्यात काम केलेले गवंडी, पाथरवट, जुना सांधा जाणणारे सुतार. त्यांचे नंबर ही माझ्या ऑफिसची खरी पुंजी आहे. त्यांच्याकडून शिकताना पहिले सहा महिने आपण बोलायचं नाही, बघायचं.

काम येतं कुठून, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. मोठे स्रोत तीन-चार आहेत. केंद्राचं पुरातत्त्व खातं आणि राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय यांची संरक्षित स्मारकं. महापालिकांच्या यादीतल्या वास्तू: मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली आली, देशातली पहिली, आणि तिथे श्रेणी एक, दोन, तीन याप्रमाणे काय बदलता येईल हे ठरतं. अशा इमारतीत बदल करायचा तर वारसा समितीपुढे प्रस्ताव जातो, तो तयार करणं हे आमचं मोठं काम. शिवाय संरक्षित स्मारकाच्या शेजारची कामं. स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. पुण्यात शनिवारवाड्याच्या भोवती राहणाऱ्यांना हे आकडे तोंडपाठ आहेत. त्यांना दुरुस्तीची परवानगी कशी मागायची हे नीट सांगणारा माणूस मिळत नाही. आणि २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी वारशाच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, ११ आपल्याकडचे आणि एक तमिळनाडूतला जिंजी. तिथल्या व्यवस्थापनासाठी तटबंदी, पाण्याची टाकी, पायवाटा, गर्दी या सगळ्याचा विचार करणारी माणसं लागतील.

मग सरकारी कामातली अडचण. दरसूचीतल्या (कामांच्या सरकारी दरांच्या यादीतल्या) बहुतेक बाबी सिमेंटच्या. चुन्याच्या कामाचा दर हवा तर तुम्हाला दर पृथक्करण स्वतः करून द्यावं लागतं: घनमीटरला चुना किती, मुरवण्याचे दिवस किती, गवंडी आणि बिगारी किती, पाणी मारायला माणूस किती दिवस. हे कागद नीट नसतील तर सर्वात कमी दर भरणारा ठेकेदार चुन्यात सिमेंट मिसळतो आणि मोजमाप पुस्तिकेत ते कुठेच दिसत नाही. बिल्डरच्या ऑफिसात तुम्ही अंदाजपत्रकं आणि मंजुरीची कागदपत्रं शिकताय ना, ते वाया गेलं असं समजू नका. माझ्याकडे येणाऱ्या हौशी मुलांत सगळ्यात कमी असतं ते हेच, आणि तुमच्याकडे ते आयतं आहे.

खासगी वाड्यांचं वेगळं. तिथे इमारतीपेक्षा वारस अवघड. सात हिस्सेदार, त्यातले दोन परदेशात, खाली जुने भाडेकरू, आणि एकाला विकायचंय. अशा ठिकाणी मी ड्रॉइंग काढण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवते. कधी कधी काम तिथेच संपतं. ते स्वीकारायला शिकावं लागतं, आणि मला अजूनही त्याचा त्रास होतो.

देवळांबद्दल दोन शब्द, कारण तुम्हाला देवळं आवडतात. काळ्या पाषाणाच्या देवळाला ऑइलपेंट, गाभाऱ्यात टाइल्स, पुढे काँक्रीटचा सभामंडप, हे सगळं गावकरी श्रद्धेनं आणि वर्गणी काढून करतात. त्यांना अडाणी म्हटलं की संवाद संपला. एका गावात मंडळाला रंग उतरवायचा होता, आणि कुणीतरी वाळूचा फवारा मारायचं यंत्र ठरवूनही टाकलं होतं. त्या फवाऱ्यानं रंगाबरोबर दगडाची घडाईही जाते. मी एक दिवस मागितला. दाराच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख (दगडात कोरलेलं राक्षसाचं तोंड) होतं, रंगाच्या पाच-सहा थरांखाली नुसता गोळा झालेलं. त्याच्या बाजूचा तळहाताएवढा चौकोन रसायनाचा लेप लावून, लाकडी पट्टीनं हळूहळू मोकळा केला. आधी पिवळा, मग निळा, मग चुन्याचा पांढरा, आणि खाली छिन्नीच्या बारीक तिरक्या रेघा. मंडळाचे सर्वात म्हातारे सभासद वाकले, त्या रेघांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ह्यो तर पाथरवटाचा हात हाय." यंत्र परत गेलं.

आता वडिलांचा प्रश्न. त्यांना खरं सांगा. पहिली चार-पाच वर्षं पगार बिल्डरच्या ऑफिसपेक्षा कमी राहील. पुढे नाव झालं की बरं चालतं, पण पैसा सरळ रेषेत येत नाही. सरकारी बिलं टप्प्याटप्प्यानं आणि उशिरा निघतात, निविदेसोबत भरलेली बयाणा रक्कम अडकून राहते, आणि पावसाळ्यात आवक आटते. स्वतःचं ऑफिस काढाल तेव्हा सहा महिन्यांचे पगार बाजूला असल्याशिवाय काढू नका. मी ते न करता काढलं होतं आणि तिसऱ्या वर्षी एका सहकाऱ्याला सोडावं लागलं. ती गोष्ट अजून सलते. पाच वर्षांत कन्सल्टन्सी उभी राहील का? ड्रॉइंग आणि नोंदणीची कामं स्वतःच्या नावावर पाच वर्षांत घेऊ शकाल. निदानावर सही करायला मात्र दहा तरी लागतील, कारण आपण केलेली दुरुस्ती आठ-दहा पावसाळ्यांनी कशी दिसते हे स्वतः बघितल्याशिवाय ती सही कशावर करायची?

एक छोटी, स्वस्त गुंतवणूक सांगते. मोडी लिपी शिका. काही आठवड्यांच्या वर्गात वाचण्यापुरती येते. पेशवे दफ्तरात आणि कित्येक घरांच्या पेट्यांत बांधकामाचे हिशेब पडले आहेत: चुना कुठून आला, सुताराला काय दिलं, दुरुस्ती कोणत्या साली झाली. असा एक कागद सापडला की महिनाभराचे तर्क वाचतात. आणि तो वाचता येणारे आर्किटेक्ट फार थोडे आहेत.

नोकरी सोडायच्या आधी एवढं करा. तुमच्याच भागातली एक वास्तू निवडा, लहान असू दे, एखादी बारव, वेशीची कमान, आजोळच्या घराचा सोपा (ओसरी). रविवारी जाऊन हातानं मोजा. तळाचा नकाशा, एक छेद, आणि प्रत्येक भेग, प्रत्येक ओलीचा डाग त्यावर तारखेसह नोंदवा. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ठेवा, सरकत असेल तर पट्टी तुटेल. मुलाखतीला आलात तर मी पोर्टफोलिओतली रंगीत पानं बाजूला ठेवून हाच कागद आधी बघेन. आणि जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस लागला की पुन्हा तिथे जा, दुपारी पाऊस थांबल्यावर नव्हे, पडत असताना, आणि पन्हळीचं पाणी कुठे पडतं, कुठून आत शिरतं, ते त्याच कागदावर निळ्या पेन्सिलीनं काढा.